वाणातली गोळी

तुम्ही कधी कुणाच्या दारात उभं राहून, डोक्यावरचा पदर सारखा करून, "बाई, तुमच्या घरी कोणाला जंत आहेत का हो?" असं विचारलंय?

नाही ना? कोण विचारणार! मी विचारलंय. आणि एका दारात नाही, आमच्या गावच्या अख्ख्या मागच्या आळीत. वाटीभर विरजण मागावं इतक्या गोड आवाजात.

हसा, पण आधी ऐकून घ्या. चूक माझीच होती, पण हेतू फार चांगला होता. माझ्या सगळ्या चुकांमागे हेतू चांगलाच असतो, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. ते कौतुकानं म्हणतात की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

तर आमचं गाव आर्णी तालुक्यात, सडकेपासून थोडं आत. दिवाळी झाली आणि आमच्या समोरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायला आली. तेजस्विनी तिचं नाव. दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याची पोर, पण नागपूरला पीएचडी करत होती. विषय इम्युनॉलॉजी. हा शब्द पाठ करायला मला आठवडा लागला. पाठ झाल्यावर मात्र मी तो वांगी विकत घेतानासुद्धा वापरायला लागले.

मी बारावीपर्यंत शिकलेली. पुढे लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. त्यामुळे घरात कुणी शिकणारं आलं की मला उगाच वाटतं, आपलंच राहिलेलं शिक्षण पुढे चाललंय. संध्याकाळी ती पोर पायरीवर बसायची, मी तुरीच्या शेंगा सोलायची आणि विचारायची, "सांग वं, तू नेमकं काय शोधून राह्यली?"

"काकू, आपल्या रक्तात शिपाई असतात. बाहेरचं कोणी अंगात शिरलं की ते त्याला मारतात."

"बरं."

"पण पोटातला जंत वर्षानुवर्षं राहतो. शिपाई त्याला हाकलतच नाहीत. कारण तो काहीतरी करून त्यांना शांत करतो. तो ते कसं करतो, हे मला शोधायचंय."

"म्हणजे घरजावयासारखं," मी म्हटलं. "आल्या दिवसापासून सासूची मर्जी सांभाळतो, मंग कोण हाकलते त्याले!"

ती खूप हसली आणि म्हणाली, हे मी आमच्या मॅडमना सांगणार. या मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्यांचं नाव निघालं की तेजस्विनी सरळ बसायची.

तिचं काम असं होतं. गावातल्या मोठ्या माणसांना छोट्या डब्या द्यायच्या. लोकांनी सकाळी त्यात... आता चहाच्या वेळी कसं सांगू, पण तुम्हाला कळलंच असेल. शेंगदाण्याएवढं. मग आरोग्य उपकेंद्राच्या एका खोलीत ती सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जंताची अंडी आहेत का ते बघायची. मग थोडं रक्त घ्यायचं, ते त्याच दिवशी नागपूरला पोचवायचं. ज्यांना जंत निघतील, त्यांना नंतर गोळी. कुणाचं नाव बाहेर जाणार नाही.

हे सगळं तिनं मला नीट समजावलं होतं. मीच नीट समजले नाही. म्हणजे शब्द सगळे कळले, पण मन दुसरीकडेच गेलं.

झालं असं. एक दिवस ती म्हणाली, "काकू, मी चार-सहा दिवस नागपूरला चालले. डब्या घेऊन येते. आल्यावर आधी आपल्याच आळीपासून सुरुवात करू. आणि मग मॅडम स्वतः गाव पाहायला येणार आहेत."

बस! "मॅडम पाहायला येणार" एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

तुम्ही सांगा, आपल्याकडे कोणी तपासायला येणार म्हटलं की आपण काय करतो? शाळेत साहेब येणार असले की फळा काळा होतो, भिंती पांढऱ्या होतात आणि पाढे न येणारी पोरं त्या दिवशी घरी राहतात. गावाच्या स्वच्छतेची पाहणी होती तेव्हा आम्ही उकिरड्यावर हिरवी जाळी टाकून समोर तुळशीची कुंडी ठेवली होती. पाहणारे साहेब त्या तुळशीला हात जोडून गेले! ही आमची पद्धत. कोणी पाहायला आलं की चांगलं ते दाखवायचं.

आणि इथं तर थेट पोट पाहणार होते.

माझ्या डोळ्यांपुढे चित्रच आलं. मोठ्या मॅडम आल्यात, डोळे लावून बघतायत आणि म्हणतायत, "तेजस्विनी, तू ज्या बाईच्या घरी राहतेस, तिच्या आळीत एवढे जंत?" छे छे! पोरीची मान खाली जाईल. आपल्या आळीचं नाव नागपूरपर्यंत जाईल.

तेवढ्यात संक्रांत आली होती. आमच्याकडे हळदीकुंकू असतंच, आणि सवाष्णींना काहीतरी वाण लुटायचं असतं. कोणी कंगवा देतं, कोणी साबणाची वडी. शेजारच्या चंदाबाईनं मागच्या वर्षी चहाची गाळणी दिली होती. तिच्यातून चहा सोडून सगळं गळत होतं. मी विचार केला, यंदा असं वाण द्यायचं की आळीनं जन्मभर आठवण काढावी.

हे मात्र माझं खरं ठरलं.

मी आर्णीला गेले आणि मेडिकलवाल्याला म्हटलं, "जंताच्या गोळ्या द्या. आळीभर पुरतील एवढ्या."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "काकू, गावात काही साथ-बिथ आली का?"

"नाही हो. पाहुणे येणार आहेत."

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, दिवस गेलेल्या बाईला देऊ नका, लेकरांना देऊ नका, अन् कोणाला काही आजार असला तर आधी डॉक्टरला विचारा. मी त्याच्यासमोरच पाठ म्हणून दाखवलं. तेवढी अक्कल होती मला.

हळदीकुंकवाला आळी भरून बाया आल्या. मी प्रत्येकीच्या हातावर आधी तिळाचा लाडू ठेवला. आमच्या आईचं सांगणं होतं, की आधी गोड खायचं, मग सगळे जंत गोडाला गोळा होतात, आणि वरून औषध द्यायचं. आता याला विज्ञानात काय म्हणतात मला माहीत नाही, पण आईनं सांगितलं ते केलं. लाडू संपला की दुसऱ्या हातावर गोळी.

"हे काय वं काकू?" चंदाबाई गोळी उन्हाकडे धरून म्हणाली. "यंदा वाण इतकं बारीक?"

"खा मुकाट्यानं. तुया गाळणीपेक्षा कामाचं हाय."

मग मी उभी राहून छोटं भाषण केलं. म्हटलं, बायांनो, तेजस्विनी आपल्या लेकीसारखी आहे. तिच्या मॅडम येणार आहेत. घरी जाऊन बापेमाणसांनाही द्या. आपल्या आळीतून एक जंत निघता कामा नये. सगळ्या जणींनी अशा काही गोळ्या गिळल्या, जसं काही मतदानच आहे. इतकी एकी आमच्या आळीत त्याआधी नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही.

तेजस्विनी परत आली. तिनं डब्या वाटल्या. एरवी अशी डबी द्यायला कोण तयार होतं! पण आमच्या आळीनं अशा हौसेनं दिल्या की पोरगी चकितच झाली. "काकू, किती चांगले लोक आहेत हो इथले!" मी आपली गालातल्या गालात हसत होते. डब्या गोळा करायला, कोणाची कोणती ते सांगायला मीच पुढे. त्या धावपळीत माझी स्वतःची डबी तेवढी तशीच खिडकीत राहिली. पण ते कुणाच्या लक्षात नाही.

दोन-तीन दिवस ती सकाळी उपकेंद्रात जाऊन बसे आणि संध्याकाळी डोळे चोळत येई. येताना रोज चेहरा थोडा जास्त उतरलेला. एक दिवस आली आणि पायरीवर मटकन बसली.

"काकू, एकही नाही निघाला."

"एकही नाही?" मी टाळीच वाजवली! आत गेले, केलेला शिरा वाटीत घेऊन आले. "घे! तोंड गोड कर!"

तिनं वाटी घेतलीच नाही. डोळ्यांत पाणी.

"अवं रडतं कायले? आनंदाचे आसू हायेत का?"

"काकू," ती म्हणाली, "मला ज्यांना जंत आहेत असे लोक पाहिजेत. ज्यांना नाहीत ते तर कुठेही भेटतात. शुक्रवारी मॅडम इथं येणार, त्यांना मी काय दाखवू? त्या म्हणाल्या आहेत, या गावात निघत नसतील तर गाव सोडा, पुन्हा पहिल्यापासून दुसरं शोधा. माझं वर्ष जाईल काकू. घरी बाबांना कसं सांगू? ते मोठ्या मुश्किलीनं पुढे शिकू द्यायला तयार झालेत. आता म्हणतील, झालं तेवढं पुरे."

वाटीतला शिरा माझ्या हातात तसाच. मला वाटलं, आता आपण काही बोलू नये. देव पाहून घेईल.

पण देवाआधी चंदाबाई आली. हळदीकुंकवाचं ताट परत करायला. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण ती नेहमीच सगळं ऐकते.

"निघतीन कसे वं बाई?" ती तेजस्विनीला म्हणाली. "काकूनं संक्रांतीच्या वाणात जंताची गोळी वाटली न! अख्ख्या आळीनं खाल्ली. तुयं नाव निघालं पाहिजे म्हणून!"



तेजस्विनी माझ्याकडे वळली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "काकू, जंताला घरजावई तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"हो."

"तुम्ही घरजावयालाच हाकलून दिलं."

त्या पोरीनं शिराही खाल्ला, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

तर मंडळी, दुसऱ्या दिवशी मी जेवणं आटोपली आणि निघाले मागच्या आळीत. तिथं आमची अर्धी भावकी राहते. वाण माझ्याच आळीपुरतं होतं, म्हणजे मागच्या आळीतले जंत अजून शाबूत असणार! फक्त मागून घ्यायचे होते.

पहिलं दार माझ्या चुलत जावेचं. मी विचारलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"काहून वं? आमी काय घाणेरडे दिसून राह्यलो का तुले?"

"तसं नाई वं, त्या पोरीच्या अभ्यासाले पाह्यजे."

"आमच्या घरी नाई. त्या बाजूच्या घरी पाहा."

बाजूच्या घरी गेले. तिथली बाई म्हणाली, "आमच्याकडे? छ्या! त्या तुमच्या जावेकडे असतीन."

एक म्हातारे बाबा खाटेवर ऊन खात बसले होते. त्यांना मोठ्यानं विचारावं लागलं. म्हणाले, "माह्या लहानपणी लय होते बाप्पा. तवा काहून नाई आली?"

एका घरी तर सोयरीक पाहायला पाहुणे आलेले. मी दारात उभी राहून विचारून चुकले! पाहुण्यांपैकी एकानं हातातला पोह्यांचा घास परत बशीत ठेवला. त्या घरची बाई आजही मला रस्त्यात पाहिलं की बाजूच्या गल्लीत वळते.

हात हलवत घरी आले. तेजस्विनी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी.  नजर खिडकीत गेली, तिथं ती एक रिकामी डबी. मी म्हटलं, "हे पाय, माझी राह्यली होती. उद्या सकाळी देते. काही निघणार नाई, पण तुया हिशोब तरी पुरा होईल."

ती हसली. "द्या काकू."

आता, माझ्या घरी पाणी गाळलेलं, संडास फरशीचा, हात साबणानं धुतलेले. मी तर आळीला शिकवणारी! मी डबी दिली ती अगदी फुलांची परडी द्यावी तशी दिली.

दुपारी आमचे हे खाटेवर आणि मी खाली शेंगा सोलत होतो. तेवढ्यात तेजस्विनी पळत आली. ओढणी एकीकडे, चप्पल एकीकडे.

"काकू! निघाले! भरपूर!"

मी उठूनच उभी राहिले. "कोणाचे वं माय?"

"नाव नाही सांगता येत, काकू."

"अवं सांग! त्या माणसाच्या घरी जाऊन पाया पडतो मी! नारळ फोडतो!"

ती ओठ दाबून उभी. एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काकू, तुम्ही आत येता का जरा?"

आमचे हे फार बोलत नाहीत. शेंग सोलता सोलता म्हणाले, "आज उपकेंद्रात डबी एकच गेलती."

मी तशीच खाली बसले.

"पण मी तर... मी तर सगळ्यांना गोळी..."

"तुम्ही घेतली होती?" तेजस्विनीनं हळूच विचारलं.

आणि माझ्या लक्षात आलं. वाण देणारी बाई आपलंच वाण कधी घेते का हो? ती वाटते! दुसऱ्यांच्या ओट्या भरते! साऱ्या आळीला मी गोळी दिली, ह्यांनाही दिली, आणि स्वतः कोरडी राहिले.

"वावरात चप्पल घालता का काकू?"

"वावरात? धुऱ्यावर, बांधाशीच काढून ठेवतो आम्ही. काळी माय हाय ते. तिच्या अंगावर चप्पल घालून जाते का कोणी?"

"तिथूनच शिरतात ते. तळपायातून."

ह्यांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाले, "काखेत कळसा ऐकला होता. पोटात पहिल्यांदा पाहून राह्यलो."

एवढ्यात चंदाबाई आलीच. कुंपणापलीकडे तिला सगळं ऐकू जातं हे मी सांगितलं ना? पदर तोंडावर धरून म्हणाली, "अख्ख्या आळीले गोळी, अन् गोळीवालीच्या पोटात गोकुळ!"

पण तेजस्विनीचा चेहरा पुन्हा उतरला होता. एका माझ्यावर काय होणार? तिला आणखी माणसं हवी होती, आणि शुक्रवार तोंडावर आलेला. मागची आळी तर लाजेनं तोंड उघडायला तयार नाही.

मला कळलं, आता एकच उपाय आहे. आणि तो उपाय मला मुळीच आवडला नाही. मी देवापुढे जाऊन जरा बसले. मग दळणाचा डबा उचलला आणि मागच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवर गेले.

दुपारच्या वेळी तिथं सगळ्या बाया दळण घेऊन बसलेल्या असतात. माझी चुलत जाऊही होती. मला पाहून सगळ्यांनी तोंडं फिरवली. गिरणीचा आवाज एवढा, की जवळच्या माणसाचंही ऐकू येऊ नये. मला बरंच वाटलं. जावेच्या कानाशी वाकून, जीव खाऊन ओरडले, "अवं, लाजायचं काही नाही! जंत..."

आणि तेवढ्यात लाईट गेली.

गिरणी बंद. पट्टा थांबला. आणि त्या शांततेत माझा आवाज अख्ख्या आळीला ऐकू गेला, "...मलेच निघाले! भरपूर!"

 उडालेलं पीठ हळूहळू खाली बसत होतं. मी उभी, दळणाचा डबा पोटाशी धरून.

मग कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "तुले? अवं, तू तं पानी बी गाळून पेते न?"

"पेतो न आजी."

"अन् चार माणसांत शिकलेली तू."

"बारावी."

"तुले हायेत," आजी सावकाश म्हणाल्या, "तं आमच्या पोटात काय देव बसला हाय का?"

पहिली कोण हसली आठवत नाही. माझी जाऊ इतकी हसली की तिच्या डब्यातली ज्वारी सांडली. मीही हसले. दुसरं काय करणार होते? मग लाईट यायची वाट बघत मी त्यांना सगळं सांगितलं. रक्तातले शिपाई, घरजावई, तेजस्विनीचं जाणारं वर्ष, तिचे बाबा. लाईट आली तेव्हा कोणीही दळायला उठलं नाही. आधी माझं पूर्ण ऐकून घेतलं. निघताना जावेनं मागून आवाज दिला, "अवं, आधी सांग, पुढच्या संक्रांतीले वाणात काय देणार हायेस? म्हणजे आमी यायचं का नाई ते ठरवू!"

घरी येऊन तेजस्विनीला काही सांगितलं नाही. पण तिची बॅग अजून उघडीच होती, म्हणजे जायचं काही पक्कं झालेलं नव्हतं, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या आळीतल्या बाया पदराखाली डब्या झाकून आमच्या ओट्यावर आल्या, तेजस्विनीनं त्या सगळ्या डब्या घेतल्या, "आता हे गाव सोडायला नको" म्हणत बॅग रिकामी केली, माझं रक्त काढून नागपूरला पाठवलं, आणि मग मी उरलेला तिळाचा लाडू आधी खाऊन त्यावर जंताची गोळी घेतली.